परड्यात पाणी साचतं? मग भेंडी-पडवळाचं बी असं तयार करा

मृगाचा पहिला जोर ओसरला की कोकणात दर वर्षी तीच तक्रार कानावर येते. "बी टाकून आठ दिवस झाले, एक कोंब वर नाही. बी जुनं दिलं असेल दुकानदारानं." बहुतेक वेळा बी चांगलंच असतं. ते मातीत गुदमरून मेलेलं असतं.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मीही दुकानदारालाच दोष दिला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरामागच्या परड्यात, खालच्या अंगाला भेंडीच्या चार ओळी टाकल्या. तीन दिवस झड लागली, वरून गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, झिरपणारं पाणी तिथंच थांबून राहिलं. दहाव्या दिवशी बोटानं माती उकरली तेव्हा बी जागच्या जागी सापडलं. चांगलं फुगलेलं, टपोरं. दोन बोटांत धरून दाबलं तर आतून पांढुरका, बुळबुळीत लगदा बाहेर आला आणि त्याला आंबलेल्या पेजेसारखा वास होता.

या वासातच सगळं कारण आहे. बी भिजलं की आतला जीव जागा होतो आणि श्वास घ्यायला लागतो. कोंब फुटायला लागणारी ताकद त्याला साठवलेल्या पिठातून आणि तेलातून मिळवायची असते, त्यासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत एरवी हवा असते. पाणी साचलं की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. जून-जुलैच्या उबदार मातीत उरलासुरला प्राणवायू मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. मग बी हवेशिवाय जगायचा प्रयत्न करतं, आतली साखर आंबते, मद्यार्क तयार होतो. त्याच वेळी सालीतून साखर बाहेर पाझरते आणि पिथियमसारख्या ओल्या मातीतल्या बुरशींना आयतं जेवण मिळतं.

भाताला हे जमतं. आपले शेतकरी रहू टाकतात, म्हणजे मोड आलेलं भात थेट चिखलात फेकतात, आणि ते उगवतं. भाताचा कोंब पाण्याखाली मुळाची वाट न बघता आधी वर सरकतो आणि हवा गाठतो. भेंडीला, पडवळाला, चवळीला ही सोय नाही. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: कुठल्याही प्रक्रियेनं भाजीचं बी पाण्यात जगायला शिकत नाही. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. बी मातीत पडल्यापासून कोंब वर येईपर्यंतचे धोक्याचे दिवस कमी करायचे, आणि तेवढ्या दिवसांत बुरशीपासून त्याला राखायचं. पुढची सगळी खटपट याच्यासाठी.

आधी बी तपासा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे करून टाका. प्रत्येक जातीच्या दहा-वीस बिया ओल्या सुती फडक्यात एकमेकींना न चिकटतील अशा मांडा, फडक्याची सैल गुंडाळी करा आणि ताटलीत सावलीला ठेवा. फडकं ओलसर हवं, पाणी गळणारं नको. रोज पाण्याचा हबका मारायचा. भेंडी, काकडी, चवळीचा हिशोब आठवड्याभरात लागतो. कारलं आणि पडवळ यांना दोन आठवडे द्या. दहातल्या आठ उगवल्या तर उत्तम. सहा उगवल्या तर एका जागी दोन-तीन बिया टाकायच्या. त्याहून कमी असतील तर ते बी पावसाळ्यात वापरू नका. कमजोर बी कोरड्या दिवसांत कसंबसं उगवतंही, ओल्या मातीत ते सगळ्यात आधी सडतं.

बी पाण्यात टाकून तरंगणारं फेकून द्यायची पद्धत भातासाठी चांगली आहे. तिथं १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून पोल, म्हणजे आतून पोकळ, बी वेगळं काढतात. वेलभाज्यांच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नका. दुधी, कारली यांच्या जाड सालीत हवा अडकलेली असते आणि चांगल्या बियाही सुरुवातीला तरंगतात.

पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला कंपनीनंच बुरशीनाशक लावलेलं असतं. ते भिजवू नका, औषध धुऊन जातं. अशा बियांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा, आणि उरलेलं बी पोरांच्या, कोंबड्यांच्या वाटेत ठेवू नका. रंगीत बियांसाठी पुढचा भिजवण्याचा भाग सोडून थेट वाफ्याकडे वळा.

भिजवायचं, पण किती?

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथं होते. रात्री लोटाभर पाण्यात बी टाकायचं, दुसऱ्या दिवशी विसरायचं, तिसऱ्या दिवशी पेरायचं. म्हणजे ज्या गुदमरण्यापासून बी वाचवायचं, ते आपणच लोट्यात घडवून आणतो. खोल भांड्यात तळाच्या बियांना हवा मिळत नाही. पसरट ताटली घ्या, बिया एका थरात पसरा, त्यांच्यावर बोटाच्या एका पेराएवढंच पाणी ठेवा. पाणी विहिरीचं, साधं, गार. सहा तासांनी पाणी बदला. गढूळ किंवा फेसाळ झालं असेल तर लगेच बदला.

वेळ बियागणिक वेगळी. भेंडीची साल टणक, तिला १२ तास, म्हणजे रात्रभर. काकडी आणि भोपळ्याला ६ ते ८ तास पुरे. कारली, पडवळ, दोडका आणि दुधी यांना पूर्ण दिवसभराचा ओलावा लागतो, पण चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायचं नाही: पहिले १२ तास पाण्यात, पुढचे १२ तास ओल्या फडक्यात. फडक्यात ओलही मिळते आणि हवाही. वांगी आणि मिरचीला ८ ते १२ तास. माठ, राजगिरा यांचं बी इतकं बारीक की ते कोरडंच वाळूत मिसळून फेकावं.

चवळी आणि घेवडा यांना जपा. द्विदल बियांची साल पातळ असते आणि कोरडं बी एकदम पाण्यात पडलं की पाणी इतक्या जोरानं आत शिरतं की आतल्या पेशींचे पडदे फाटतात. भिजत घातलेल्या चवळीच्या पाण्याला आलेला पिवळसर रंग आणि वास आठवा, त्यात बियांतून पाझरलेलं बरंच काही असतं. स्वयंपाकात त्यानं बिघडत नाही, बियाण्यात बिघडतं. चवळी मी पाण्यात टाकतच नाही. ओल्या फडक्यात तीन-चार तास गुंडाळून ठेवतो, साल जराशी सुरकुतली की काढतो.

कारल्या-दुधीच्या बियांचा कडेचा टवका नेलकटरनं काढायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. उगवण लवकर होते हे खरं आहे. पण जिथं साल कापली तिथूनच बुरशीला वाट मिळते. पडवीत, कोरड्या छपराखाली पेल्यात बी लावणार असाल तरच टवका काढा आणि आतल्या गराला धक्का लावू नका. उघड्या पावसात लावायचं बी अखंडच बरं.

सुकवणं ही खरी किल्ली

भिजवलेलं बी पुन्हा सुकवायचं म्हटलं की लोकांना उलटं काम वाटतं. पण बी भिजलं की आत पुष्कळ तयारी सुरू होते. पेशी दुरुस्त होतात, पिठाची साखर करणारी विकरं जागी होतात. मूळ बाहेर पडण्याआधी तिथंच थांबवून बी सुकवलं तर ही तयारी टिकते, आणि पुढे मातीत ओल मिळाल्यावर बी पहिल्यापासून सुरुवात करत नाही. कृषी विद्यापीठातले लोक याला प्रायमिंग म्हणतात. १९९०च्या दशकात राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर याचे प्रयोग झाले होते, रात्रभर भिजवायचं, वरचं पाणी सुकवायचं, पेरायचं. तिकडे ओल उडून जाण्याआधी उगवण हवी होती, आपल्याकडे पाणी तुंबण्याआधी हवी आहे. घाई दोन्हीकडे सारखीच.

बी पाण्यातून काढून सुती कापडावर एका थरात पसरा. सावलीत, वाऱ्याला. पंख्याखाली चालेल, उन्हात किंवा चुलीजवळ नको. मधून मधून हात फिरवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर भिजवण्याआधी वजन लिहून ठेवा आणि पुन्हा तेवढं वजन होईपर्यंत सुकवा. काटा नसेल तर आवाज ऐका: चांगलं सुकलेलं भेंडीचं बी ताटलीत टाकलं की खडखडतं, दमट बी धप्प पडतं. एखाद्या बीचं मूळ बाहेर डोकावलं असेल तर ते सुकवू नका, मरेल. ते लगेच पेल्यात लावा.

यात काळवेळ महत्त्वाची. जूनच्या झडीत आपल्याकडे हवा इतकी दमट असते की दोन दिवस पंखा लावूनही बी सुकत नाही, त्याला पांढरी बुरशी येते. म्हणून हे काम रोहिणीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात उरका. सुकलेलं बी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्यात बांधून टाका. ते डब्यातली ओल ओढून घेतात. असं तयार केलेलं बी वर्षभर टिकत नाही, त्याच हंगामात वापरून टाका.

बुरशीपासून राखण

पेरायच्या दिवशी सकाळी हे करा. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, प्रमाण किलोमागे ५ ग्रॅम. घरच्या परड्यासाठी एवढं बी कुठून असणार, तेव्हा वाटीभर बियांना अर्धा चमचा पुरतो. बियांवर भाताच्या पेजेचे किंवा गुळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडा, हलक्या हातानं चोळा, पावडर भुरभुरा, सगळ्या बियांना करडा-हिरवा लेप बसला की सावलीत अर्धा तास ठेवा. ही बुरशी जिवंत आहे, बीला अपाय न करता ती मुळाभोवती वाढते आणि सडवणाऱ्या बुरशींना जागा देत नाही. पाकिटावरची तारीख बघून घ्या. उन्हात तापलेल्या फळीवरचं जुनं पाकीट म्हणजे नुसती माती.

गाय घरी असेल तर बीजामृत करा, त्याची तयारी आदल्या रात्री. शंभर किलो बियाण्यासाठी २० लिटर पाणी, ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि बांधावरची मूठभर माती असं त्याचं प्रमाण. आपल्याला २०० मिलिलिटर पाणी, लहान लिंबाएवढं शेण म्हणजे साधारण ५० ग्रॅम, ५० मिलिलिटर गोमूत्र आणि चिमूटभर चुना पुरेल. शेण फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात सोडा, सकाळी पिळून घ्या, बाकीचं मिसळा. बी त्यात बुडवून लगेच काढा आणि सावलीत सुकवा. चवळी-घेवड्याला नुसता हात फिरवून लावा, त्यांना बुडवू नका. चवळीला रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू, लावणार असाल तर ते शेवटी. रासायनिक बुरशीनाशक वापरायचंच असेल तर ते सगळ्यात आधी, आणि मग त्याच बियांवर ट्रायकोडर्मा लावू नका, एक दुसऱ्याला मारेल.

जपानमध्ये चिखलात थेट पेरायच्या भाताला कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप देतात, तो पाण्यात हळूहळू प्राणवायू सोडतो. परड्यातल्या वीस वेलांना त्याची गरज नाही. आपलं ते काम माती उंच करून होतं.

जागा उंच करा

बियाण्यावर कितीही मेहनत घेतली तरी ते पाण्यात पडलं तर वाया जातं. म्हणून पेरणीआधी एक परीक्षा घ्या. जिथं पेरायचं तिथं हातभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, ते मुरल्यावर पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. चार-पाच तासांत मुरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथं सपाट जमिनीवर भाजी करूच नका. जांभ्याच्या वरकस जमिनीत पाणी भरभर उतरतं, पण परड्याच्या उतरत्या टोकाला, भाताच्या मळ्याजवळ, धुतलेली बारीक माती येऊन बसते आणि तिथं तुंबतं.

उन्हाळ्यात वेलांना आपण खोलगट आळी करतो, पाणी मुळाशी राहावं म्हणून. नेमकी तीच सवय पावसाळ्यात घात करते. पावसाळ्यात आळ्याच्या उलट आकार हवा, पालथ्या घमेल्यासारखा. प्रत्येक वेलासाठी दीड-दोन फूट रुंद, फूटभर उंच मातीचा ढीग करा. त्यात एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती किंवा भाताचा जळका तूस मिसळा. भेंडी आणि चवळीसाठी वरंबे, तेही फूटभर उंचीचे, उताराच्या दिशेनं. दोन वरंब्यांमधल्या चराचं तोंड खाली मोकळं सोडा. चर खणला आणि शेवटी गडग्यानं अडवला तर आपण तळं बांधलं. वांगी-मिरचीच्या रोपांना मीटरभर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यावर पावसाचा मारा अडवायला छप्पर घाला.

बी एरवीपेक्षा उथळ लावा. उन्हाळ्यात भेंडी इंचभर खोल जाते, पावसाळ्यात अर्धा इंच. वेलांच्या बिया आडव्या ठेवा. वर मूठभर मोकळं खत पसरा आणि हातानं थापू नका. थापलेली ओली माती सुकली की पापडी धरते आणि कोंब खालीच वाकतो. वरून नारळाची झावळी तिरकी ठेवा, थेंबांनी माती उडत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज झावळी उचलून बघा, पहिला कोंब दिसला की काढून टाका. भिजवून सुकवलेली भेंडी माझ्याकडे साधारण चौथ्या दिवशी वर येते, कोरडी टाकलेली तिच्या मागून दोन-तीन दिवसांनी.

अगदी पहिल्यांदाच करत असाल तर माझा आग्रह असा की निम्मं बी पडवीत लावा. कागदी पेले, दुधाच्या पिशव्या, भोक पाडलेल्या करवंट्या, काहीही चालतं. खाली पाणी जायला भोक हवं एवढंच. दोन-तीन खरी पानं आली, म्हणजे बारा-पंधरा दिवस झाले, की उघडीप बघून मातीच्या गोळ्यासकट ढिगावर लावा. वेलांच्या मुळांना दुखापत सोसत नाही, म्हणून पेला फाडून काढा, रोप ओढू नका.

टोमॅटोबद्दल विचारलं जातं म्हणून लिहितो. टोमॅटोची मुळं पाण्यात दोन दिवसही तग धरत नाहीत आणि कुठली बीजप्रक्रिया हे बदलत नाही. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्रानं यावर वेगळी वाट काढली: वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. वांग्याची मुळं तुंबलेल्या पाण्यात टोमॅटोपेक्षा पुष्कळ जास्त दिवस टिकतात. नव्या माणसानं कोकणच्या पावसात टोमॅटोच्या मागे लागू नये, तो दिवाळीनंतर करावा. आणि जी जागा काही केल्या निचरत नाही तिथं अळू लावा. त्याला तेच हवं असतं.

पाणी साचलंच तर

झड थांबायची वाट बघू नका. इरलं घ्या किंवा रेनकोट, फावडं घ्या आणि चराचं तोंड मोकळं करा. पहिले चोवीस तास महत्त्वाचे. वरंब्यावर पाय देऊ नका, ओली माती दाबली की उरलेली हवाही जाते. पाणी उतरल्यावर दोन-तीन ठिकाणी बी उकरून बघा. घट्ट असेल, नखानं कापल्यावर आत पांढरं आणि वास नसेल तर धीर धरा. लगदा झाला असेल तर त्याच दिवशी डब्यातलं राखून ठेवलेलं बी लावा. म्हणूनच सगळं बी एकदम कधी टाकायचं नाही: मृगात एक हप्ता, आर्द्रात दुसरा.

उगवलेली रोपं पिवळी पडली तर लगेच युरिया टाकायची घाई होते. मुळांना हवा नसताना ती खत घेऊ शकत नाहीत. माती हाताला मोकळी लागेपर्यंत थांबा, वरची पापडी काडीनं हलकेच फोडा, मग शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेलं जीवामृत पातळ करून द्या.

घरचं बी

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं आपल्या हवेसाठी काढलेल्या जाती आहेत: कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, काकडीत शीतल. सुरुवात यांच्यापासून करा. संकरित बियांपासून पुढच्या वर्षी तसंच फळ मिळत नाही, या सरळ जातींचं बी मात्र घरी धरता येतं. शेजाऱ्याचा दुसऱ्या जातीचा वेल जवळ असेल तर मधमाश्या परागाची सरमिसळ करतात, म्हणून बी धरायच्या मादीफुलाला उमलायच्या आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि उमलल्यावर त्याच वेलाचं नरफूल हातानं फिरवा. पडवळ संध्याकाळनंतर उमलतो, त्याला टॉर्च घेऊन जावं लागतं.

बी कुठल्या वेलाचं धरायचं हे फळाच्या लांबीवरून ठरवू नका. जुलैच्या झडीत, पाणी साचून गेल्यावर, परड्यात एक चक्कर मारा. सगळे वेल पिवळे पडलेले असताना एखादा हिरवा उभा असतो. त्याच्या बुंध्याला लाल चिंधी बांधा. भाद्रपदात फळं लागतील तेव्हा पहिलं-दुसरं फळ त्याच वेलावर पूर्ण पिकू द्या, बी काढून धुवा, सावलीत सुकवा, राखेत घोळवा आणि मडक्यात घालून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. आमच्या फळीवर सध्या अशा चार चिंधीवाल्या पुरचुंड्या आहेत, तीन पडवळाच्या आणि एक भेंडीची.